फॅन फिरतोय असं धरून चालू नका, मोजा: ईएमसी२३०१ चिपने कॅबिनेटच्या फॅनवर लक्ष कसं ठेवायचं आणि स्पीड कसा कंट्रोल करायचा

मागच्या सीझनला यवतमाळकडच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्याच्या केबिनमधलं लोखंडी कपाट उघडलं. आत कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, नेटवर्क स्विच, काट्याचा छोटा पीसी आणि मागच्या पत्र्यावर १२० मिमीचा एक फॅन. फॅनला १२ व्होल्ट बरोबर येत होते, सप्लायचा हिरवा दिवा लागलेला, पण पातं जागचं हलत नव्हतं, रुईचे तंतू हबभोवती असे गुंडाळले गेले होते की दोऱ्याची रीळच वाटावी. किती दिवसांपासून असं होतं ते कोणालाच सांगता येईना. कळलं तेव्हा डीव्हीआरची हार्डडिस्क गेलेली होती आणि ज्या आठवड्याचं रेकॉर्डिंग हवं होतं नेमकं तेच नव्हतं.

तेव्हापासून मी कुठल्याही कपाटात नुसता फॅन लावून देत नाही. फॅनने स्वतःहून सांगितलं पाहिजे की मी इतक्या स्पीडने फिरतोय, आणि फिरत नसेल तर आधी बोंब मारली पाहिजे. हे काम स्वस्तात आणि भरवशाने करणाऱ्या चिप मिळतात, त्यातल्या एका चिपवर हे सगळं लिहितोय. नाव ईएमसी२३०१, कंपनी मायक्रोचिप. एक चिप एक फॅन सांभाळते. जास्त फॅन असतील तर हिचीच भावंडं आहेत, २३०२ दोन फॅनला, २३०३ तीन फॅनला, २३०५ पाच फॅनला. रास्पबेरी पायच्या कॉम्प्युट मॉड्यूल ४ चा जो मोठा आयओ बोर्ड येतो त्याच्यावर हीच २३०१ बसवलेली असते, म्हणजे तो बोर्ड असेल तर सोल्डरिंगचं काम वाचलं. बाकीच्यांनी तयार मॉड्यूल घ्यावं, कारण सुटी चिप आठ पायांची आणि फार बारीक असते, साध्या सोल्डरिंग गनने ती बसवायच्या भानगडीत पडू नका.

आता पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की ईएसपी३२ किंवा आर्डुइनोसारखा छोटा कंट्रोलर बोर्ड स्वतः पीडब्ल्यूएम (भराभर चालू-बंद होऊन स्पीड ठरवणारा सिग्नल) देऊ शकतो, फॅनच्या पल्स मोजू शकतो, मग वेगळी चिप कशाला? बरोबर आहे, देऊ शकतो. पण कोड लटकला की पीडब्ल्यूएम ज्या आकड्यावर होता तिथेच राहतो. पहाटे ४ वाजता थंडीत कोड लटकला तेव्हा फॅन हळू फिरत होता, दुपारी २ वाजता कपाट तापलं तरी तो हळूच फिरणार. या चिपमध्ये आत वॉचडॉग आहे, म्हणजे मालकाने (म्हणजे हुकूम देणाऱ्या ईएसपी३२ ने) ४ सेकंद काहीच हालचाल केली नाही तर चिप स्वतःच ठरवते की मालक गेला, आणि फॅन फुल स्पीडवर टाकते. मी ही चिप घेतो ती मुख्यतः या एका गोष्टीसाठी. आरपीएम (मिनिटाला किती फेऱ्या) मोजणं, स्पीड धरून ठेवणं हे त्याच्याबरोबर येतं, तेही चांगलंच आहे, पण बिघाड झालाच तर तो फुल स्पीडच्या बाजूने झाला पाहिजे, बंद पडायच्या बाजूने नाही.

फॅन आणि वायरिंग

फॅन चार पिनचाच घ्या. दोन पिनच्या फॅनला आरपीएम सांगायची सोयच नसते. तीन पिनचा सांगतो, पण स्पीड कमी करायला त्याची मेन सप्लायच तोडत-जोडत राहावी लागते आणि तसं केलं की आरपीएमचा सिग्नलही तुटतो, मग मोजायचं काय? चार पिनच्या फॅनला १२ व्होल्ट कायम चालू राहतात, स्पीड चौथ्या वायरवरून सांगायचा. चौथी वायर सुटली तर फॅन फुल स्पीडने फिरतो, हाही आपल्या फायद्याचाच स्वभाव.

पिनांचा क्रम असा: पहिली ग्राउंड, दुसरी १२ व्होल्ट, तिसरी टॅक म्हणजे स्पीड सांगणारी, चौथी पीडब्ल्यूएम म्हणजे स्पीड ठरवणारी. कनेक्टरवर ज्या दोन खाचा-पट्ट्या असतात त्या पहिल्या तीन पिनांच्या बाजूला असतात, चौथी पिन त्यांच्या बाहेर पडते, त्यावरून पहिली कुठली ते ओळखा.

आणि इथे खरंच थांबून वाचा, रंगावर विश्वास ठेवू नका. इंटेलच्या पद्धतीत काळी ग्राउंड, पिवळी १२ व्होल्ट, हिरवी टॅक, निळी पीडब्ल्यूएम. पण बाजारात दुसऱ्या पद्धतीचेही ढीगभर फॅन आहेत, त्यात काळी ग्राउंड, लाल १२ व्होल्ट, पिवळी टॅक, निळी पीडब्ल्यूएम. म्हणजे एका फॅनची पिवळी वायर १२ व्होल्टची आणि दुसऱ्याची पिवळी टॅकची, थेट चिपमध्ये जाणारी. फॅन बदलताना कोणी पिवळीला पिवळी जोडली की चिप गेली आणि बहुतेक वेळा मागचा कंट्रोलरही गेला. मी प्रत्येक कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला स्केचपेनने पिनांचा क्रम लिहून ठेवतो, कारण पुढच्या वेळी फॅन बदलणारा माणूस मीच असेन असं नाही.

जोडणी फार नाहीये. चिपला ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड. आयटूसीच्या (चिप आणि कंट्रोलर ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या) दोन वायर ईएसपी३२ च्या २१ आणि २२ नंबरच्या पिनांवर (२१ डेटा, २२ क्लॉक), दोन्हीवर ४.७ किलोओहमचा पुलअप (वायर वर खेचून धरणारा रेझिस्टर) ३.३ व्होल्टला, मॉड्यूलवर आधीच असेल तर परत लावू नका. टॅकची वायर चिपच्या टॅक पिनला आणि तिथून १० किलोओहम ३.३ व्होल्टला. हा रेझिस्टर विसरला की आरपीएम येतच नाही, कारण फॅन टॅकची वायर फक्त खाली खेचतो, वर न्यायचं काम आपलं. पीडब्ल्यूएम पिन थेट फॅनच्या चौथ्या वायरला, तिथे वेगळा पुलअप नको, तो फॅनच्या आतच असतो. चिपचं पीडब्ल्यूएम आउटपुट मुळात ओपन ड्रेन (वायर फक्त खाली खेचणारं) आहे ते तसंच राहू द्या. एक काम मात्र आधी करा, फॅनला नुसते १२ व्होल्ट देऊन चौथ्या वायरवर मीटर लावून बघा, ५ व्होल्टच्या आसपास किंवा कमी दिसले तर ठीक, त्याच्यावर दिसले तर तो फॅन बाजूला ठेवा.

१२ व्होल्टच्या सप्लायचं ग्राउंड आणि ईएसपीचं ग्राउंड एकत्र जोडलेलं पाहिजे. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी फोनवर येणाऱ्या दर दुसऱ्या तक्रारीत हेच निघतं. लक्षण असं की फॅन फुल स्पीडने फिरतो, काही ऐकत नाही आणि आरपीएम वाट्टेल ते येतात.

पहिली पॉवर, आणि ४ सेकंद मोजा

कोड न टाकता, ईएसपी रिकामा ठेवून, सगळ्याला पॉवर द्या आणि तोंडाने मोजा. एक, दोन, तीन, चार. सुरुवातीला फॅन शांत किंवा अगदी हळू असतो आणि ४ सेकंद झाले की एकदम फुल स्पीड घेतो. तो आवाज आला की समजा चिप जिवंत आहे, पीडब्ल्यूएमची वायर बरोबर आहे आणि वॉचडॉग आपलं काम करतोय. नवीन माणूस हा आवाज ऐकून घाबरतो आणि पॉवर काढतो, तसं करू नका. उलट पॉवर दिल्याबरोबर पहिल्या सेकंदापासूनच फॅन फुल फिरत असेल तर चौथी वायर चिपपर्यंत पोचत नाहीये, ती तपासा.

मग आयटूसी स्कॅनर चालवा. तो तयार मिळतो. चिपचा पत्ता हेक्समध्ये २एफ आहे. इथून पुढे रजिस्टरांचे (चिपच्या आतल्या, आकडे ठेवायच्या कप्प्यांचे) पत्ते मी हेक्समध्येच सांगतोय आणि त्यात लिहायचे किंवा त्यातून वाचायचे आकडे साध्या दशमानात सांगतोय, गोंधळ नको. पत्ता दिसला की रजिस्टर एफडी वाचा, ५५ आलं पाहिजे, आणि एफई वाचा, ९३ आलं पाहिजे. पहिला चिपचा नंबर, दुसरा कंपनीचा. हे दोन बरोबर आले की पुढे जायचं, नाही आले तर वायर हलवत बसण्याआधी पुलअप बघा.

कॉम्प्युट मॉड्यूलच्या आयओ बोर्डवर काम करणाऱ्यांसाठी, तुमची चिप आयटूसीच्या १० नंबरच्या बसवर याच पत्त्यावर सापडेल, ती बस कॉन्फिग फाइलमधून चालू करावी लागते. तिथे आयटूसी-फॅन नावाचा ओव्हरले (लिनक्सला हार्डवेअरची ओळख करून देणारी तयार सेटिंग) लावला की लिनक्सच फॅन सांभाळतो, मूळ सेटिंगमध्ये ५० अंशांपासून स्पीड वाढायला लागतो आणि ७० ला फुल होतो. पण हे तापमान त्याच्या स्वतःच्या प्रोसेसरचं, कपाटाचं नाही, एवढं लक्षात असू द्या.

आधी हाताने चालवून बघा

रजिस्टर ३० हे ड्राइव्हचं. ० म्हणजे बंद, २५५ म्हणजे फुल, १२८ म्हणजे साधारण अर्धा. हे थेट लिहायचं, चिप तेवढा पीडब्ल्यूएम देते. फ्रीक्वेन्सी तिची मुळातच २६ किलोहर्ट्झ आहे, चार पिनच्या फॅनला २१ ते २८ च्या मधलं लागतं, त्यामुळे त्या रजिस्टरला हात लावायची गरजच नाही. लावला आणि २.४ वर आणून ठेवलं तर फॅन डासासारखा कुणकुणायला लागतो.

आता १२८ लिहून आरपीएम वाचा. रजिस्टर ३ई मध्ये वरचा भाग, ३एफ मध्ये खालचा. आधी ३ई वाचायचं मग ३एफ. वरच्याला ३२ ने गुणा, खालच्याला ८ ने भागा, बेरीज करा, हा झाला काउंट. मग ७८६४३२० ला काउंटने भागा, आरपीएम आला. माझ्या टेबलवरच्या फॅनचं उदाहरण देतो. ३ई मध्ये १३२ आणि ३एफ मध्ये ३२ आलं. १३२ गुणिले ३२ म्हणजे ४२२४, ३२ भागिले ८ म्हणजे ४, एकूण ४२२८. ७८६४३२० भागिले ४२२८ म्हणजे १८६०. फॅन १८६० आरपीएमने फिरतोय.

हा ७८६४३२० कुठून आला? चिप एका घड्याळाने मोजते, सेकंदाला ३२७६८ टिकटिक. साधा कॉम्प्युटर फॅन एका फेरीत टॅकच्या २ पल्स देतो, चिप ठरावीक पल्स पूर्ण व्हायला किती टिकटिक लागल्या ते मोजते, त्यामुळे काउंट जितका मोठा तितका फॅन हळू, उलटं गणित आहे. ३२७६८ गुणिले ६० गुणिले २ म्हणजे ३९३२१६०, आणि मूळ सेटिंगमध्ये रेंजचा गुणक २ असतो म्हणून त्याचे दुप्पट.

आता यातला सगळ्यात वाईट खड्डा. फॅन पूर्ण थांबला की चिप काउंट तिच्या टोकाला नेऊन ठेवते, ३ई मध्ये २५५, ३एफ मध्ये २४८. वरच्या गणिताने काउंट ८१९१ आणि आरपीएम ९६०. नीट वाचा, मेलेल्या फॅनचा आरपीएम तुमचा कोड ९६० दाखवणार, आणि स्क्रीनवर ९६० बघून कोणालाही वाटणार की फॅन हळू का होईना फिरतोय. ज्या गोष्टीसाठी आपण एवढं सगळं केलं तिथेच फसगत. म्हणून भागाकार करण्याआधी काउंट तपासायचा, तो ७८४० च्या पुढे असेल तर आरपीएम दाखवायचाच नाही, सरळ शून्य दाखवा आणि अलार्म द्या. ७८४० च का, तर चिप स्वतः हीच मर्यादा पाळते, रजिस्टर ३९ मध्ये २४५ असतं आणि २४५ गुणिले ३२ म्हणजे ७८४०, आरपीएममध्ये साधारण १००३.

यातून अजून एक गोष्ट निघते. मूळ सेटिंगमध्ये १००० च्या खाली फिरणारा फॅन चिपला थांबलेलाच वाटतो. मोठे १४० मिमीचे फॅन ६००-७०० वर आरामात फिरतात, तसा असेल तर रजिस्टर ३२ मध्ये मूळचे ४३ काढून ११ लिहा. रेंज ५०० आरपीएमपर्यंत खाली येते, पण मग गुणक १ होतो, म्हणजे भागाकार ३९३२१६० ला करायचा. एक बदललं आणि दुसरं विसरलं तर आकडे बरोबर दुप्पट दिसतात.

आता चिपला सांगा, स्पीड तू धर

हाताने ड्राइव्ह देणं टेबलवर ठीक, कपाटात नाही. चिपला टार्गेट आरपीएम द्यायचं, ती स्वतः मोजत राहते आणि ड्राइव्ह कमी-जास्त करून तो स्पीड धरते. रजिस्टर ३२ मध्ये १७१ लिहिलं (४३ अधिक १२८) की ही सोय चालू. ज्यांनी वर ११ लिहिलं होतं त्यांनी १३९ लिहायचं.

टार्गेटचं गणित आधीच्याच्या उलट. १५०० आरपीएम हवं असेल तर ७८६४३२० भागिले १५०० म्हणजे ५२४३. याला ३२ ने भागा, १६३ येतं आणि २७ उरतात. वरचा भाग १६३, खालचा भाग २७ गुणिले ८ म्हणजे २१६. खालचा रजिस्टर ३सी मध्ये, वरचा ३डी मध्ये, याच क्रमाने लिहा. वाचताना वरचा आधी असतो आणि लिहिताना खालचा आधी, हे एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवा.

फॅन थांबलेल्या अवस्थेतून उठवताना चिप आधी एक धक्का देते, थोडा वेळ फुल ड्राइव्ह, मग ६० टक्के, आणि अर्ध्या सेकंदात फॅन पकडला जातो. हे रजिस्टर ३६ मधलं मूळ सेटिंग आहे आणि बहुतेक फॅनला पुरतं. जड बेअरिंगचा मोठा फॅन असेल आणि उठताना चुकत असेल तर वेळ वाढवता येते, २ सेकंदांपर्यंत. तसंच रजिस्टर ३८ मध्ये १०२ असतं, म्हणजे टार्गेट धरताना चिप ड्राइव्ह ४० टक्क्यांच्या खाली नेत नाही. तुम्ही १२०० मागितलं आणि फॅन १४०० वरच अडून बसला तर कारण हे, तेव्हा १०२ चे ७५ वगैरे करून बघा, पण फॅन अडखळायला लागला की परत वर.

तापमानाप्रमाणे टार्गेट

कपाटात वरच्या बाजूला, डीव्हीआरच्या डोक्यावर, एक डीएस१८बी२० सेन्सर लावा, आणि दुसरा बाहेर, जिथून हवा आत येते तिथे. एकाच वायरवर दोन्ही चालतात, ४.७ किलोओहमचा एक पुलअप पुरतो.

बाहेरच्या देशातली बहुतेक उदाहरणं ३० अंशांवर स्पीड वाढवायला सुरू करतात. विदर्भात मे महिन्यात बाहेरची हवाच ४५ असते, तो फॅन मार्चपासून जूनपर्यंत फुल स्पीडने ओरडत राहणार, धूळ जास्त ओढणार आणि लवकर मरणार. मी असं ठेवतो: आत ४० अंशांपर्यंत १२०० आरपीएम, ५५ ला २४००, मधे सरळ रेषेत. आत ४७ असेल तर १२०० अधिक ७ गुणिले ८०, म्हणजे १७६०. ५५ च्या पुढे टार्गेटचा विचारच नाही, थेट फुल. उतरताना २-३ अंशांचा फरक ठेवा, म्हणजे ४७ ला चढलेला स्पीड ४४-४५ ला उतरेल, नाहीतर फॅन दिवसभर वर-खाली वर-खाली करत बसतो आणि केबिनमधला माणूस वैतागून त्याची वायरच काढतो. हे मी पाहिलेलं आहे.

सेन्सरची वायर तुटली तर काय होतं हे आधी विचारात घ्या. नेहमी वापरली जाणारी लायब्ररी सेन्सर सापडला नाही की उणे १२७ अंश देते. कोडला वाटणार कपाटात बर्फ पडलाय, तो फॅन सगळ्यात हळू करणार. उंदराने वायर कुरतडली आणि त्याच दिवसापासून कपाट तापायला लागलं, असा प्रकार. म्हणून सेन्सरचा आकडा ० च्या खाली किंवा ८० च्या वर आला की तो तापमान समजायचाच नाही, फॅन फुल आणि अलार्म. (पॉवर आल्याबरोबर हा सेन्सर पहिल्यांदा ८५ दाखवतो, ते खरं तापमान नाही, एक रीडिंग सोडून द्या.)

वॉचडॉग कायमचा चालू करा

पॉवर दिल्यावरचा ४ सेकंदांचा वॉचडॉग तुम्ही पहिल्यांदा ड्राइव्ह लिहिला किंवा टार्गेट धरायची सोय चालू केली की संपतो. पुढे कायम हवा असेल तर रजिस्टर २० मध्ये मूळच्या ६४ ऐवजी ९६ लिहायचं. हे न करता लोक सोडून देतात, आणि मग कोड लटकल्यावर फॅन शेवटच्या टार्गेटवरच राहतो, म्हणजे ज्या कारणासाठी चिप घेतली ते वाया.

चालू केल्यावर दर १-२ सेकंदांनी चिपशी बोलत राहायचं, टार्गेट परत लिहा, आरपीएम वाचा. पण हे बोलणं वेगळ्या टायमरमध्ये टाकू नका. तापमान वाचलं, ते बरोबर वाटलं, टार्गेट काढलं, मगच चिपला लिहिलं, सगळं एकाच ओळीत एकामागोमाग. टायमर वेगळा ठेवला तर तापमान वाचणारा कोड मरून पडतो आणि टायमर बिचारा चिपला सांगत राहतो की सगळं ठीक आहे.

वायफाय गेलं की ईएसपी परत जोडायच्या नादात १०-१० सेकंद अडकून बसतो असे कोड फार आहेत, तेव्हा फॅन मधेच फुल होतो आणि मग फोन येतो की चिप खराब आहे. चिप बरोबर आहे, वायफायचा कोड सुधारा. वॉचडॉग बंद करणं हा त्यावरचा उपाय नाही.

अलार्म आणि नोंद

रजिस्टर २४ मध्ये चिपची एकूण तब्येत असते: सगळ्यात वरचा बिट वॉचडॉग उडाला की लागतो, सगळ्यात खालचा फॅन अडकला की, त्याच्या वरचा धक्का देऊनही उठला नाही की, आणि तिसरा म्हणजे फुल जोर लावूनही टार्गेट गाठता येत नाही. हे बिट वाचले की साफ होतात, म्हणून एका ठिकाणी वाचा आणि लगेच साठवून ठेवा, दोन ठिकाणी वाचलं तर एकाला कळतं दुसऱ्याला नाही. रजिस्टर २९ मध्ये १ लिहिलं की चिपची अलर्ट पिनही खाली जाते, तिथून बझर किंवा ईएसपीची इंटरप्ट पिन चालवता येते. मी दाराबाहेर एक लाल दिवा आणि बझर लावतो, कारण मोबाइलवर मेसेज जाईल हे नेटवर अवलंबून, आणि काट्यावरच्या माणसाला बझर ऐकू येतोच.

पण मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट अलार्म नाही, नोंद आहे. टार्गेट धरायची सोय चालू असताना रजिस्टर ३० वाचलं तर चिप त्या क्षणी किती ड्राइव्ह देतेय ते कळतं. म्हणजे १५०० आरपीएमसाठी तिला किती जोर लावावा लागतोय. दर मिनिटाला चार आकडे लिहून ठेवा: आरपीएम, ड्राइव्ह, आतलं तापमान, बाहेरचं तापमान. मी पुढच्या सीझनला त्याच जिनिंगमध्ये हे बसवलं (रजिस्टर ३८ मधले १०२ चे ७५ करून) तेव्हा दिवाळीनंतर १५०० ला ड्राइव्ह ९८ होता. जानेवारीच्या मध्यात तोच १५०० धरायला १२१ लागत होता. आरपीएम एकदाही हलला नव्हता, नुसता आरपीएम बघत बसलो असतो तर काही कळलंच नसतं. जाऊन उघडलं तर हबभोवती रुईचं कडं जमायला सुरुवात झालेली, अजून पातळ, चिमट्याने ओढून काढता आलं. काढल्यावर ड्राइव्ह परत १०१. साफ करूनही आकडा खाली आला नसता तर बेअरिंग गेलं असं धरून फॅनच बदलला असता.

मात्र जाळी चोक झालेली यात दिसेल याची खात्री धरू नका. फिल्टरच्या जाळीवर रुईची चादर बसली तरी फॅन आपला फिरत राहतो, फक्त हवा जात नाही. ते पकडायला दोन तापमानांमधला फरक बघायचा. बाहेरपेक्षा आत किती जास्त, तेवढ्याच स्पीडला, तेवढ्याच कामाला. माझ्या त्या कपाटात हा फरक नेहमी ६-७ अंश असतो, १० च्या वर गेला की मी फोन करून जाळी झटकायला सांगतो. तुमच्या कपाटात किती असतो ते जाळी स्वच्छ असताना आठवडाभर लिहून ठेवा, तोच तुमचा माप.

सोडून येण्याआधी

कपाटाचं दार बंद करून घरी येण्याआधी मी चार गोष्टी मुद्दाम बिघडवतो. टॅकची वायर काढतो, अलार्म वाजला पाहिजे आणि स्क्रीनवर शून्य दिसलं पाहिजे, ९६० नाही. आतल्या सेन्सरची वायर काढतो, फॅन फुल झाला पाहिजे. ईएसपीची रिसेट पिन ग्राउंडला धरून ठेवतो आणि परत तोंडाने चार मोजतो, चौथ्याला फॅनने फुल आवाज दिला पाहिजे. शेवटी फॅनची पॉवर काढून, पात्यांमध्ये प्लॅस्टिकची केबल टाय अडकवून पॉवर परत देतो (बोट कधीच नाही, १२० मिमीचा फॅनसुद्धा नख फाडतो), चिप धक्का देऊन बघते, फॅन उठत नाही, बझर वाजतो. तो बझर काट्यावर बसणाऱ्या माणसाला तिथेच ऐकवतो आणि सांगतो, हा आवाज आला की आधी कपाटाचं दार सताड उघडायचं, मग मला फोन करायचा.